लहान महाविद्यालय, परदेशी विद्यार्थी आणि ‘जागतिक विकास’: हे काम आपण हाती घ्यावे का?

रसायनशास्त्राच्या अध्यापिका, उमरेड मार्ग

नागपूरहून उमरेडकडे जाताना लागणाऱ्या एका लहान महाविद्यालयात मी रसायनशास्त्र शिकवते. आमची बहुतेक मुले सकाळच्या एसटीने येतात आणि दुपारी शेतावर किंवा दुकानात कामाला जातात. संस्थेच्या मागच्या बैठकीत असा प्रस्ताव आला की पुढच्या वर्षी आठ-दहा परदेशी विद्यार्थ्यांना प्रवेश द्यावा आणि राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिराला जोडून, त्यांना बरोबर घेऊन, पिण्याच्या पाण्यावर एक ‘जागतिक विकास प्रकल्प’ सुरू करावा. दाखला अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजांचा, म्हणजे स्थानिक लोकांसाठीच्या दोन वर्षांच्या महाविद्यालयांचा, दिला गेला. इलिनॉय राज्यातल्या जोलिएट येथे 1901 मध्ये असे पहिले सरकारी महाविद्यालय निघाले आणि 1947 मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी नेमलेल्या आयोगाने या कल्पनेला बळ दिले. नोकरी सांभाळून शिकणारी स्थानिक मुले आणि दूरदेशचे विद्यार्थी तिथे एकाच वर्गात बसतात. आपल्याकडेही 1995 मध्ये पाँडिचेरी विद्यापीठात सामुदायिक महाविद्यालय सुरू झाले आणि 2013 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने त्यासाठी योजना आणली, म्हणजे ही कल्पना आपल्याला अगदीच नवखी नाही.

मी प्रस्तावाच्या बाजूने आहे आणि त्याला एक प्रसंग कारण झाला. दोन वर्षांपूर्वी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात आमचे शिबिर होते. नागपुरात दुसरीकडे शिकणारा टांझानियाचा एक विद्यार्थी आमच्या एका स्वयंसेवकाचा मित्र म्हणून सोबत आला होता. शाळेच्या ओट्यावर मुलांचा फोटो काढायचा होता आणि मोठ्या वर्गातल्या मुली ओढणीने तोंड झाकत होत्या, कारण पाण्यातल्या फ्लोराइडमुळे त्यांच्या दातांवर तपकिरी पट्टे उमटले आहेत. त्या मुलाने कॅमेरा खाली ठेवला, बोटाने आपला वरचा ओठ उचलला आणि स्वतःचे दात दाखवले. तसेच पट्टे, तोच रंग. तो अरुशाकडचा आहे आणि तिथल्या ज्वालामुखीच्या खडकांतून पाण्यात फ्लोराइड उतरते. एका मुलीने ओढणी सोडली, पुढे येऊन त्याचे दात अगदी जवळून पाहिले आणि मला विचारले, “यांच्या गावातही आमच्यासारखेच हातपंप आहेत का?”

वीस वर्षे मी फ्लोराइड फळ्यावर शिकवले, परंतु त्या मुलीला पडला तसा प्रश्न माझ्या वर्गात कोणाला पडला नव्हता. आपल्या गावचे दुखणे पृथ्वीच्या दुसऱ्या भागातही आहे आणि त्यावर तिथेही कोणी तरी डोके चालवत आहे, हे मुलांना कळणे हेच मला या प्रस्तावाचे मोल वाटते. तरीही आपले मत, विशेषतः विरोधातले, मला हवे आहे.

माजी विद्यार्थी, भिवापूर (सध्या पालक)

मॅडम, मी तुमचाच विद्यार्थी आहे आणि आता माझी मुलगी तुमच्याकडे शिकते, त्यामुळे मोकळेपणाने लिहितो. प्रसंग मनाला भिडला, पण प्रस्तावाला माझा विरोध आहे.

ज्या महाविद्यालयात अर्धे अध्यापक तासिका तत्त्वावर आहेत, जिथे मुलांची शिष्यवृत्ती वर्ष संपत आले तरी खात्यात जमा होत नाही आणि जिथे मुलींच्या वसतिगृहात उन्हाळ्यात पाण्यासाठी रांग लागते, त्या महाविद्यालयाने ‘जागतिक’ शब्द उच्चारण्याआधी स्वतःचे अंगण पाहावे. अमेरिकेचा दाखला देताना तिथला हिशेबही सांगायला हवा होता. परदेशी विद्यार्थ्याला तिथे स्थानिक मुलापेक्षा कितीतरी जास्त शुल्क पडते आणि अनेक महाविद्यालयांना ते उत्पन्न हवे असते. आपल्या संस्थेचा हेतू तोच असेल तर तसे स्पष्ट म्हणावे, त्यावर पाण्याचे आणि सेवेचे पांघरूण घालू नये.

देशाचे आकडेही बघा. केंद्र सरकारच्या उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार 2021-22 मध्ये देशात सुमारे 4.33 कोटी विद्यार्थी शिकत होते आणि त्यांत परदेशी होते 46,878, म्हणजे हजारात एक. त्यांतही चौथ्या हिश्श्याहून जास्त एकट्या नेपाळचे. मोठमोठ्या विद्यापीठांना जे जमत नाही त्यासाठी उमरेड मार्गावरच्या महाविद्यालयाने पैसा आणि माणसे का लावावीत?

पाणी तपासणीच्या कामातून निवृत्त, धरमपेठ

शुल्काचे मला फारसे कळत नाही. पाण्याबद्दल मात्र बोलायलाच हवे, कारण नागपूर, फ्लोराइड आणि पूर्व आफ्रिका यांचा संबंध या प्रस्तावाच्या फार आधीचा आहे.

आपल्या शहरात 1958 मध्ये सुरू झालेल्या आणि आज नीरी (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था) या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेने 1970 च्या दशकात पाण्यातले फ्लोराइड काढण्याची ‘नालगोंडा पद्धत’ विकसित केली. नाव त्या वेळच्या आंध्रातल्या जिल्ह्याचे असले तरी काम नागपूरचे. पाण्यात चुना, मग तुरटी आणि सोबत थोडी ब्लीचिंग पावडर घालायची, आधी भराभर आणि मग सावकाश ढवळायचे, तास-दीड तास निवळू द्यायचे आणि वरचे पाणी काढून घ्यायचे. घरगुती वापरासाठी बादलीची तोटी तळापासून दोन-तीन बोटे वर बसवतात, म्हणजे गाळ तळाशीच राहतो. वीज लागत नाही, यंत्र लागत नाही. ही पद्धत पुढे केनिया, टांझानिया आणि इथिओपियातही वापरून पाहिली गेली.

आणि ती अनेक ठिकाणी रखडली, इथेही आणि तिथेही. तुरटीची मात्रा पाण्यातल्या फ्लोराइडवर आणि क्षारतेवर ठरते, म्हणून प्रत्येक विहिरीची मात्रा वेगळी. मात्रा चुकली तर फ्लोराइड तरी राहते किंवा पाण्यात ॲल्युमिनियम तरी उरते. गाळ रोज कुठे टाकायचा हा प्रश्न वेगळाच, कारण काढलेले फ्लोराइड त्यातच असते. हे सगळे रोज, वर्षानुवर्षे, कोणी तरी करावे लागते, आणि ते सहसा घरातल्या बाईच्याच वाट्याला येते.

टांझानियात अरुशाजवळच्या न्गुर्दोतो येथील संशोधन केंद्राने भाजलेल्या हाडांच्या कोळशातून पाणी गाळण्यावर बरेच काम केले आहे. रसायनशास्त्राच्या दृष्टीने ती पद्धत चांगली आहे. आपल्या गावात ती किती घरांत चालेल, हे विचारून पाहा. म्हणूनच मला या प्रस्तावात काही खरे दिसते. अरुशाचा मुलगा इथे यावा तो गाव ‘विकसित’ करायला नव्हे. तुमची बादली अडगळीत का गेली आणि आमचा कोळसा तुम्हाला का चालत नाही, हे दोन्ही बाजूंच्या मुलांनी एकमेकांना विचारावे. असे प्रश्न अहवालात क्वचितच येतात. ओट्यावर बसून ते निघतात.

घरमालकीण, मनीषनगर

माझ्याकडे आफ्रिकेतल्या दोन मुली तीन वर्षे भाड्याने राहिल्या, म्हणून थोडे लिहिते. परदेशी व्यक्ती घरी राहायला आली की घरमालकाला तिची माहिती नोंदणी अधिकाऱ्यांना ऑनलाइन कळवावी लागते आणि व्हिसा 180 दिवसांहून जास्त असेल तर त्या विद्यार्थ्याला आल्यापासून 14 दिवसांत स्वतःची नोंदणी करावी लागते. यात कठीण असे काही नाही, पण ज्या महाविद्यालयात हे काम पाहणारा एकही माणूस नाही तिथे ती मुले गोंधळून जातात. माझ्याकडच्या मुलींच्या संस्थेने त्यांना नुसता एक कागद हातात दिला होता. मग मीच माझ्या मुलाला त्यांच्यासोबत पाठवले.

त्याआधी त्यांना सात घरांनी नकार दिला होता. आमच्या इमारतीतही बैठक बसली. स्वयंपाकाचा वास आणि उशिरापर्यंतचे बोलणे, अशी कारणे पुढे आली, पण खरे कारण कातडीचा रंग हे सगळ्यांना ठाऊक होते आणि ते त्या मुलींनाही कळत होते. पुढे त्यांतली एक रोज संध्याकाळी शेजारच्या आजींना बीपीची गोळी घेण्याची आठवण करून द्यायला जाऊ लागली, तेव्हा बोलणारी तोंडे बंद झाली. मुलींच्या भरवशावर गाव किंवा वस्ती सुधारेल असे समजून त्यांना आणू नका. आधी त्यांना राहायला मानाची जागा द्या.

सामाजिक कार्यकर्ता, वर्धा

मॅडमच्या भावनेचा आदर ठेवून सांगतो, प्रकल्पाच्या नावातल्या ‘विकास’ या शब्दालाच माझी हरकत आहे. परदेशी हातांनी विदर्भात काम केलेच नाही असे मुळीच नाही. 1950 च्या दशकात ‘सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल’ या आंतरराष्ट्रीय सेवासंस्थेचे तरुण स्वयंसेवक वरोऱ्याजवळ आनंदवनात आले आणि त्यांनी तिथे दवाखान्याच्या भिंती उभारल्या. पण काय बांधायचे ते बाबा आमटे आणि तिथल्या कुष्ठरुग्णांनी ठरवले होते. पाहुणे विटा उचलायला आले होते, योजना शिकवायला नव्हे. गावकरी सांगतील ते आणि तेवढेच करायचे, ही शिस्त एका सत्राच्या प्रकल्पात टिकत नाही, कारण सत्राच्या शेवटी गुण द्यायचे असतात आणि गुणांसाठी काही तरी ‘पूर्ण’ झालेले दाखवावे लागते.

माझ्या माहितीतल्या एका गावात एका संस्थेने परदेशी पाहुण्यांच्या हस्ते आरओचे यंत्र बसवले. फीत कापली, फोटो निघाले. पुढच्या पावसाळ्यापर्यंत यंत्रातला पाणी गाळणारा पडदा चोंदला, बदलायला पैसे नव्हते, आणि यंत्राला कुलूप लागले. गावातल्या बाया पुन्हा त्याच हातपंपावर गेल्या. फरक इतकाच पडला की आता पाण्याचा विषय काढला तर सरपंच म्हणतात, तुमच्यासाठी यंत्र आणले होते ना. गावाची पुढची मागणी त्या फोटोखाली गाडली गेली. हे नुकसान कोणत्याही अहवालात येणार नाही.

रसायनशास्त्राच्या अध्यापिका, उमरेड मार्ग

वर्ध्याच्या सरांचे उदाहरण वाचून मी रात्री प्रस्तावाची प्रत पुन्हा काढली. त्यात ‘प्रकल्पाची फलनिष्पत्ती’ या मथळ्याखाली शुद्धीकरण यंत्र बसवणे हेच लिहिले आहे. ते मी वगळायला सांगणार आहे. मनीषनगरच्या काकूंनी लिहिलेले संस्थेच्या सचिवांना वाचून दाखवीन, कारण नोंदणीचे काम कोण करणार याचा प्रस्तावात उल्लेखच नाही.

परंतु लहान जागेने जगाशी संबंध ठेवू नये हे म्हणणे मला मान्य नाही. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग अमेरिकेत शिकून गडचिरोलीला आले, 39 गावांत साध्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केले, घरच्या घरी नवजात बाळाची काळजी कशी घ्यावी ते शिकवले, आणि 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे निष्कर्ष आले तेव्हा साऱ्या जगाने त्याची दखल घेतली. गडचिरोली जगापासून तुटून राहिली असती तर हे घडले नसते, आणि जगाने गडचिरोलीला नुसते शिकवले असते तरीही घडले नसते. ज्ञान इथून तिकडे जाऊ शकते, हे माझ्या एसटीने येणाऱ्या मुलांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसावे, एवढाच माझा हट्ट आहे.

स्थानिक मुलांच्या जागा कमी होणार नाहीत, कारण विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे परदेशी विद्यार्थ्यांच्या जागा मंजूर संख्येच्या वर, 25 टक्क्यांपर्यंत, वेगळ्या देता येतात. आठ-दहा नव्हे, पहिल्या वर्षी दोघेच घ्यावेत असे मी सुचवीन. काम बसवण्याचे नको, मोजण्याचे असावे: गावातल्या प्रत्येक पाणवठ्याचे फ्लोराइड वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, मोजायचे आणि नोंदवहीत लिहायचे.

माजी विद्यार्थी, भिवापूर

दोघेच असतील आणि यंत्र नसेल तर माझा अर्धा विरोध गळून पडतो. उरलेला अर्धा असा. नोंदवही महाविद्यालयाच्या कपाटात ठेवू नका. ती गावच्या जलसुरक्षकाकडे राहू द्या, आणि आकडे ग्रामपंचायतीच्या भिंतीवर मराठीत रंगवा, फ्लोराइडची लिटरमागे 1.5 मिलिग्रॅमची मर्यादा लाल रंगात. भूजलवाले येतील किंवा न येतील, पण ग्रामसभेत बायकांना बोट ठेवायला आकडा मिळेल. जलजीवन मिशनमध्ये पाणी तपासायला शिकवलेल्या बायका गावात असतील तर तपासणी त्यांनीच करावी आणि आपल्या मुलांनी, देशी असोत की परदेशी, त्यांच्या हाताखाली शिकावे.

आणि मॅडम, एक प्रश्न आहे. आपल्या मुलींच्या वसतिगृहाला ज्या बोअरचे पाणी येते, त्याचे फ्लोराइड कधी तपासले आहे का?

रसायनशास्त्राच्या अध्यापिका, उमरेड मार्ग

नाही तपासले. जंतूंसाठी दर वर्षी तपासतो, फ्लोराइडसाठी कधीच नाही. हे लिहिताना मला वाईट वाटते आहे. सोमवारी नमुना जिल्हा प्रयोगशाळेत पाठवते आणि जो आकडा येईल तो इथे लिहिते.

पाणी तपासणीच्या कामातून निवृत्त, धरमपेठ

नमुना काचेच्या बाटलीत घेऊ नका, फ्लोराइडची काचेशी अभिक्रिया होते. प्लॅस्टिकची स्वच्छ बाटली घ्या, आधी बोअर पाच मिनिटे चालू ठेवा, त्याच पाण्याने बाटली तीनदा विसळा आणि मग भरा. चिठ्ठीवर तारखेबरोबर बोअरची खोलीही लिहा. सोमवारी मी मोकळा आहे, हवे असल्यास येतो.