शब्दचर्चा : ‘मृत्युदर’ नेमका कशाचा?

विचारणा

स्त्रियांच्या कर्करोग-मृत्यूंमध्ये प्रदेशाप्रदेशांत किती फरक पडतो, या विषयावरील एका मराठी लेखाचे संपादन सध्या मी करीत आहे. त्यात एक वाक्य असे आहे : ‘स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड या विभागात सर्वाधिक आहे, तर त्याने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण मेलानेशियात सर्वाधिक आहे.’ (मेलानेशिया म्हणजे पापुआ न्यू गिनी, फिजी आदी बेटांचा विभाग.) कच्चा मजकूर वाचणाऱ्यांना हे विधान परस्परविरोधी वाटले. शिवाय याच लेखात ‘मृत्युदर’ हा शब्द एके ठिकाणी दर लाख स्त्रियांमागे आणि दुसऱ्या ठिकाणी टक्क्यांमध्ये आला आहे. ‘प्रमाण’, ‘दर’, ‘मृत्युदर’ हे शब्द कोठे आणि कसे वापरावेत? वेगवेगळ्या संकल्पनांसाठी वेगवेगळे शब्द रुळलेले आहेत का?

उत्तर

वाक्यातील माहिती बरोबर आहे. गोंधळ होतो तो ‘प्रमाण’ या एकाच शब्दावर दोन कामे टाकल्यामुळे. येथे तीन संकल्पना वेगळ्या ठेवाव्या लागतात. एका वर्षात दर लाख स्त्रियांमागे किती जणींना रोगाचे नव्याने निदान झाले, ही पहिली. एका वर्षात दर लाख स्त्रियांमागे किती जणी त्या रोगाने दगावल्या, ही दुसरी. आणि ज्यांना रोग झाला त्यांच्यापैकी किती जणी त्याने दगावल्या, ही तिसरी. पहिलीसाठी मी ‘नवरुग्णदर’ म्हणतो, कारण ‘प्रादुर्भाव’ या शब्दाला संसर्गाचा वास येतो आणि ‘प्रमाण’ म्हटल्यावर सध्या आजारी असलेल्या सगळ्याच जणी डोळ्यांसमोर येतात. दुसरीसाठी ‘मृत्युदर’ हाच योग्य शब्द आहे. तिसरीसाठी ‘घातकता’ वापरावा आणि तो आकडा टक्क्यांत द्यावा. कोविडच्या काळात रोजच्या निवेदनांमध्ये टक्क्यांत येणारा ‘मृत्युदर’ खरे तर घातकताच होती, आणि तेव्हापासून ही सरमिसळ मराठीत अधिकच घट्ट झाली आहे.

हा भेद केवळ शब्दांपुरता नाही, हे स्तनाच्या कर्करोगाच्या २०२२ सालच्या जागतिक अंदाजांवरून दिसते. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये नवरुग्णदर दर लाखामागे सुमारे १०० आहे. मेलानेशियात तो त्याहून बराच कमी आहे, तरी मृत्युदर सुमारे २७, म्हणजे जगातील सर्व विभागांत सर्वाधिक आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्या वेळी दिलेले आणखी एक गणित पाहावे. मानवी विकास निर्देशांक अत्युच्च असलेल्या देशांत १२ स्त्रियांपैकी एकीला आयुष्यात कधीतरी या रोगाचे निदान होते आणि ७१ पैकी एक त्याने मरण पावते. निर्देशांक नीचांकी असलेल्या देशांत निदान २७ पैकी एकीलाच होते, परंतु मृत्यू मात्र ४८ पैकी एकीचा होतो. ढोबळमानाने पहिल्या गटात निदान झालेल्या सहा जणींमागे एक मृत्यू, तर दुसऱ्या गटात निम्म्याहून अधिक जणींचा मृत्यू, असा याचा अर्थ निघतो. रोग कमी आणि मरण जास्त, ही गोष्ट ‘प्रमाण’ या एका शब्दाने सांगता येत नाही.

आपले वाक्य मी असे लिहीन : ‘स्तनाच्या कर्करोगाचा नवरुग्णदर ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये सर्वाधिक असला, तरी मृत्युदर मेलानेशियात सर्वाधिक आहे, कारण तेथे निदान उशिरा होते आणि उपचार अपुरे पडतात.’

प्रतिसाद

शुद्धलेखनाविषयी थोडे. ‘मृत्यू’ हा शब्द सुटा असताना दीर्घान्त लिहावयाचा, परंतु सामासिक शब्दात तो पूर्वपदी आला की मूळ संस्कृत ऱ्हस्व रूप राहते. म्हणून मृत्युपत्र, मृत्युलेख, मृत्युदंड, आणि त्याचप्रमाणे मृत्युदर. वर्तमानपत्रांत ‘मृत्यूदर’ वारंवार दिसतो, तरी लेखात तो टाळावा.

पुन्हा विचारणा

घातकता कमी असणे हे चांगल्या उपचाराचे लक्षण मानायचे का? लेखात दोन प्रदेशांची तुलना ‘इतके टक्के रुग्ण बरे होतात’ अशा शब्दांत केलेली आहे.

उत्तर

सरसकट नाही, आणि म्हणूनच प्रदेशांची तुलना करताना मृत्युदर हा अधिक विश्वासार्ह मापदंड ठरतो. दक्षिण कोरियातील अवटू ग्रंथीच्या, म्हणजे थायरॉइडच्या कर्करोगाचे उदाहरण या बाबतीत अतिशय बोलके आहे. हा रोग प्रामुख्याने स्त्रियांमध्ये आढळतो. १९९३ ते २०११ या काळात तेथे त्याचा नवरुग्णदर सुमारे पंधरा पटींनी वाढला. ग्रंथीची सोनोग्राफी इतर आरोग्य-तपासण्यांबरोबर सहज होऊ लागली आणि एरवी आयुष्यभर कोणालाही कळल्या नसत्या अशा बारीक गाठी शोधल्या गेल्या. निदानांची संख्या फुगल्यामुळे घातकता झपाट्याने घसरलेली दिसली, ‘बरे होणाऱ्यां’ची टक्केवारी वाढली, परंतु मृत्युदर होता तेथेच राहिला. म्हणजे अधिक जीव वाचले असे झाले नाही. कित्येक जणींची ग्रंथी मात्र शस्त्रक्रियेने काढली गेली आणि त्यांना कायमची गोळी लागली. ‘बरे होतात’ हा शब्दप्रयोग तर मी काढूनच टाकीन. मूळ आकडा बहुधा ‘निदानानंतर पाच वर्षे हयात असणाऱ्यां’चा असतो, आणि हयात असणे म्हणजे रोगमुक्त असणे नव्हे.

प्रतिसाद

मृत्युदराच्या आधी येणाऱ्या विशेषणाकडेही लक्ष द्यावे, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. एकूण मृत्यूंना एकूण स्त्रियांच्या संख्येने भागले की मिळतो तो ‘ढोबळ मृत्युदर’. कर्करोग मुख्यत्वे उतारवयात होत असल्यामुळे ज्या देशात वृद्धांची संख्या मोठी, तेथे ढोबळ दर मोठाच येणार. वृद्धांची संख्या मोठी असलेला जपान आणि तरुणांची संख्या मोठी असलेला आफ्रिकेतील मलावी यांची तुलना ढोबळ दराने केली, तर आपण रोगाची तुलना न करता वयांची तुलना करीत राहतो. यासाठी प्रत्येक वयोगटाचा दर वेगळा काढून तो एका ठरीव, प्रमाण मानलेल्या लोकसंख्येला लावतात. या दराला ‘वयप्रमाणित मृत्युदर’ म्हणावे. ‘वय-समायोजित’ हा शब्दही चालतो, पण समायोजन कशाशी केले ते त्यातून कळत नाही, तर ‘प्रमाणित’ म्हटले की ‘कोणत्या प्रमाणाने?’ हा आवश्यक प्रश्न वाचकाच्या मनात आपोआप उभा राहतो.

आणि तो प्रश्न खरोखरच आवश्यक आहे. कर्करोगाच्या आंतरराष्ट्रीय आकडेवारीत सर्वाधिक वापरली जाणारी प्रमाण लोकसंख्या जपानचे संशोधक मित्सुओ सेगी यांनी १९६० मध्ये मांडली आणि १९६६ मध्ये ब्रिटनचे संशोधक रिचर्ड डॉल यांनी तीत थोडा बदल केला. तीत पंधरा वर्षांखालील मुले ३१ टक्के आणि ६५ वर्षांवरील माणसे अवघी ७ टक्के आहेत. युरोपने २०१३ मध्ये स्वीकारलेल्या प्रमाण लोकसंख्येत ६५ वर्षांवरील माणसे १९.५ टक्के आहेत. तेच मृत्यू, त्याच स्त्रिया, पण दुसऱ्या मापाने मोजल्या की कर्करोगाचा दर कितीतरी मोठा दिसतो. एका तक्त्यातील आकडा एका प्रमाणाचा आणि शेजारचा दुसऱ्या प्रमाणाचा असेल, तर त्यांची तुलना निरर्थक ठरते. लेखात जेथे जेथे ‘वयप्रमाणित’ येईल, तेथे निदान एकदा तरी प्रमाण लोकसंख्येचे नाव द्यावे.

पुन्हा विचारणा

‘दर लाख स्त्रियांमागे’ असे लिहिले की भागिले कशाने, हे पुरेसे स्पष्ट होते ना?

उत्तर

बहुतेक कर्करोगांच्या बाबतीत होते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात होत नाही. ज्यांचे गर्भाशय त्याच्या मुखासह शस्त्रक्रियेने काढून टाकलेले आहे, त्यांना हा रोग होण्याचा धोका उरत नाही, तरी भाजकात त्या मोजल्या जातात. त्यामुळे ज्या प्रदेशात किंवा समाजगटात ही शस्त्रक्रिया अधिक होते, तेथील दर कृत्रिमरीत्या कमी दिसतो. अमेरिकेत २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा स्त्रिया भाजकातून वगळल्या, तेव्हा कृष्णवर्णीय स्त्रियांचा मृत्युदर दर लाखामागे ५.७ वरून १०.१ वर गेला आणि श्वेतवर्णीय स्त्रियांचा ३.२ वरून ४.७ वर. दोन गटांमधील खरे अंतर इतकी वर्षे निम्म्याहून अधिक झाकलेले होते. अशा ठिकाणी ‘दर लाख स्त्रियांमागे’ न लिहिता ‘धोका असलेल्या दर लाख स्त्रियांमागे’ असे लिहावे. वाक्य लांबते, पण ते लांबू द्यावे.

याच रोगाच्या नावाबद्दल मला अधिक तळमळीने लिहावेसे वाटते. मराठीत आपण सहज ‘गर्भाशयाचा कॅन्सर’ किंवा ‘पिशवीचा कॅन्सर’ म्हणतो, आणि त्यात दोन अगदी भिन्न रोग एकत्र होतात. गर्भाशयमुखाचा कर्करोग जवळजवळ नेहमी ह्यूमन पॅपिलोमा विषाणूच्या दीर्घ संसर्गातून होतो. त्यावर लस आहे, आणि कर्करोग होण्याआधीची अवस्था तपासणीत सापडू शकते. गर्भाशयाच्या आतील अस्तराचा कर्करोग बहुधा रजोनिवृत्तीनंतर होतो, त्याचा संबंध संप्रेरकांशी आणि स्थूलतेशी आहे, आणि त्यावर अशी लस नाही. ‘गर्भाशयाच्या कर्करोगावर लस आली’ हे वाक्य वाचून एखादी स्त्री पाळी गेल्यानंतरचा रक्तस्राव अंगावर काढणार असेल, तर ती भाषेची चूक राहत नाही, जिवाशी गाठ पडते.

हीच संदिग्धता मृत्यूच्या दाखल्यांतही आहे. आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत गर्भाशयमुखाला सी ५३, गर्भाशयाच्या मुख्य भागाला सी ५४ आणि ‘गर्भाशय, भाग अनिर्दिष्ट’ याला सी ५५ असे संकेतांक आहेत. दाखल्यावर डॉक्टरांनी नुसते ‘गर्भाशयाचा कर्करोग’ लिहिले की तो मृत्यू सी ५५ मध्ये जातो. ज्या प्रदेशात अशी मोघम नोंद अधिक, तेथे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू कागदावर कमी दिसतात. पुढे नोंदी सुधारल्या की रोग वाढल्याचा भास होतो. म्हणून तुलना करणारे अभ्यासक सी ५५ मधील मृत्यू आधी उरलेल्या दोन्हींत वाटून घेतात. लेखात ‘गर्भाशयमुख’ हा शब्द पूर्ण लिहावा आणि संक्षेपासाठीही त्यातील ‘मुख’ गाळू नये.

प्रतिसाद

‘नोंद’ आणि ‘अंदाज’ हे शब्दही सुटे ठेवावेत. आफ्रिकेच्या मोठ्या भागात मृत्यूचे कारण नोंदवण्याची सर्वदूर व्यवस्था नाही. तेथील मृत्युदर पुष्कळदा नवरुग्णदर आणि रुग्णांच्या हयातीची माहिती यांवरून गणिताने काढलेला असतो. तो आकडा निरुपयोगी नाही, परंतु त्यापुढे ‘नोंदवले गेले’ हे क्रियापद चुकीचे आहे. ‘अंदाजे’ एवढा एक शब्द पुरतो.

पुन्हा विचारणा

शेवटचा प्रश्न शीर्षकाचा आहे. ‘प्रादेशिक फरक’, ‘प्रादेशिक तफावत’ की ‘प्रादेशिक विषमता’?

उत्तर

‘फरक’ हा तटस्थ शब्द आहे. ‘तफावत’ म्हटले की जे जुळायला हवे ते जुळत नाही, अशी छटा येते, आणि ‘विषमता’ म्हटले की त्यात अन्यायाचा आरोप असतो. आरोप करावयास माझी हरकत नाही, पण तो पुराव्यानिशी करावा. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाबाबत तो नि:शंकपणे करावा. २०२२ मध्ये या रोगाने सुमारे साडेतीन लाख स्त्रिया दगावल्या आणि त्यांपैकी सुमारे ९४ टक्के अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांतील होत्या. लस २००६ पासून उपलब्ध आहे, तपासणीची साधने त्याहून जुनी आहेत, आणि तरीही हे मृत्यू होतात. येथे ‘फरक’ हा शब्द अपुरा आहे.

मात्र प्रत्येक फरकामागे हेच कारण असेल असे गृहीत धरू नये, आणि ‘प्रादेशिक’ या विशेषणाने प्रदेशालाच कारण ठरवू नये. अमेरिकेत १९७५ मध्ये कर्करोग-मृत्यूंचा जिल्हावार नकाशासंग्रह प्रसिद्ध झाला, तेव्हा आग्नेय भागातील स्त्रियांमध्ये तोंडाच्या कर्करोगाचा मृत्युदर असाधारण जास्त असल्याचे दिसले. तेथील कापडगिरण्यांवर संशय घेण्यास जागा होती. परंतु १९८१ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातील स्त्रियांच्या अभ्यासातून उलगडले ते असे, की तंबाखूची कोरडी भुकटी गाल आणि हिरडी यांच्यामध्ये धरून ठेवण्याची सवय तेथील स्त्रियांत पिढ्यान्‌पिढ्या होती. धूम्रपान न करणाऱ्या श्वेतवर्णीय स्त्रियांमध्ये या सवयीने तोंडाच्या व घशाच्या कर्करोगाचा धोका चौपट होत होता, आणि दीर्घकाळ सवय असलेल्यांना हिरडीच्या व गालाच्या आतील कर्करोगाचा धोका जवळजवळ पन्नासपट होता. (या भुकटीला ‘तपकीर’ म्हणण्याचा मोह टाळावा. तपकीर म्हटली की मराठी वाचक ती नाकात ओढतो, आणि मग तोंडाच्या कर्करोगाचा संबंधच लागत नाही.)

दुसरे उदाहरण चीनच्या युन्नान प्रांतातील शुआनवेई परगण्याचे आहे. तेथील स्त्रिया जवळजवळ धूम्रपान करीत नाहीत, तरी त्यांचा फुप्फुसाच्या कर्करोगाचा मृत्युदर देशातील सर्वाधिक दरांपैकी होता. कारण होते घरातल्या धुराडे नसलेल्या चुलीत जळणारा, भरपूर धूर ओकणारा दगडी कोळसा. चुलींना धुराडी बसवली, तशी त्या घरांतील रोगाची वाढ पुढच्या वर्षांत स्पष्टपणे घटली.

म्हणून शीर्षकात मी ‘फरक’ ठेवीन, मजकुरात जेथे कारण दाखवता येते तेथे ‘विषमता’ लिहीन, आणि ‘प्रादेशिक कारणांमुळे’ हा शब्दप्रयोग सर्वत्र काढून त्या जागी तंबाखू, धूर, विषाणू किंवा उशिरा झालेले निदान, जे असेल त्याचे नाव घालीन. जागतिक आरोग्य संघटनेचे २०२० चे उद्दिष्ट लेखात ‘गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा मृत्युदर दर लाखामागे ४ च्या खाली आणणे’ असे आले असेल, तर तेही दुरुस्त करून घ्यावे. ४ ही मर्यादा नवरुग्णदराची आहे.