छाया गोळी, अंतरा इंजेक्शन की हार्मोनची तांबी? आणि मेडिक्लेमचं काय?

शेवंती_७
वहिनीसाठी विचारते आहे. वय ३१, बाळ ७ महिन्यांचं, अजून अंगावर पाजते. पाळी मागच्या महिन्यात परत सुरू झाली. आधी तांबी होती, पण पाळीत रक्त फार जायचं म्हणून काढली. हिमोग्लोबिन ९.४. दुसरं मूल तीनेक वर्षांनी हवंय. छाया घ्यावी म्हटलं, तर उपकेंद्रात एक पाकीट मिळतं, पुढच्या वेळी तेही नसतं. भावाच्या ग्रुप मेडिक्लेमने 'गर्भनिरोधनाचा खर्च मिळत नाही' असं कळवलंय. तालुक्याच्या गावी जमेल असं काय सुचवाल?

सिस्टर_माई
माला-एन (रोज घ्यायची सरकारी गोळी) आत्ता नको. त्यातल्या इस्ट्रोजेनने दूध कमी होऊ शकतं. बाळाला ६ महिने झाल्यावर ती घेता येते, पण दुसरे पर्याय असताना पाजत असेपर्यंत थांबलेलं बरं. पाजते आहे म्हणून दिवस जाणार नाहीत, या भरवशावरही राहू नका. त्यासाठी बाळ ६ महिन्यांच्या आतलं, फक्त अंगावरच्या दुधावर आणि पाळी बंद, या तिन्ही गोष्टी लागतात.

राहिल्या छाया आणि अंतरा (दर ३ महिन्यांनी घ्यायचं हार्मोनचं इंजेक्शन). दोन्ही सरकारी केंद्रात फुकट, दोन्ही पाजणाऱ्या आईला चालतात.

छाया म्हणजे सेंटक्रोमन ३० मि.ग्रॅ., त्यात हार्मोन नाही. पाळीच्या पहिल्या दिवशी पहिली गोळी, चौथ्या दिवशी दुसरी. पहिली रविवारी घेतली तर दुसरी बुधवारी, आणि पुढचे ३ महिने हेच दोन वार. चौथ्या महिन्यापासून फक्त पहिला वार, आठवड्याला एक. बायका चुकतात त्या इथेच. कुणी महिनाभर आधीच आठवड्याला एका गोळीवर येते, कुणी चौथ्या महिन्यानंतरही दोन घेत राहते. गोळी चुकली तर आठवताक्षणी घ्यायची आणि पुढच्या पाळीपर्यंत निरोध वापरायचा. चुकून ७ दिवसांवर झाले तर पुन्हा पहिल्यापासून, आठवड्याला दोन.

पाळी लांबणं हा छायाचा नेहमीचा त्रास. १५ दिवसांवर लांबली तर दिवस राहिलेत का, यासाठी लघवीची तपासणी करून घ्या.

पण आधी हे विचारा: पीसीओडी (अंडाशयात गाठी, पाळी अनियमित), अलीकडे झालेली कावीळ किंवा यकृताचा आजार, क्षयरोग, मूत्रपिंडाचा आजार. यातलं काही असेल तर छाया नको.

गोळीघर
पाकिटात ८ गोळ्या असतात. पहिल्या ३ महिन्यांना साधारण २६ लागतात, म्हणजे सुरुवातीलाच ४ पाकिटं हातात हवीत. एका पाकिटावर सुरू करून नंतर खंड पडण्यापेक्षा महिनाभर निरोधवर थांबलेलं चांगलं. केंद्रात नसेल तर तीच गोळी औषधाच्या दुकानात 'सहेली' नावाने मिळते. चिठ्ठीवर ३० मि.ग्रॅ. स्पष्ट लिहून घ्या. याच औषधाची ६० मि.ग्रॅ.ची गोळी जास्त रक्तस्राव थांबवायला देतात. तिचं प्रमाण वेगळं, ती याऐवजी चालणार नाही.

तालुका_भांडार
उपकेंद्राचा साठा प्राथमिक आरोग्य केंद्रातून येतो. नर्सबाई ज्याची मागणी नोंदवतात तेच खाली उतरतं, आणि न मिळालेल्या बाईची नोंदच झाली नाही तर कागदावर तुटवडा दिसत नाही. म्हणून 'नाही' ऐकून परत फिरू नका, तारखेसह नाव लिहायला लावा. आशाताईंना ४ पाकिटांची मागणी सांगा. पंधरा दिवसांत आलं नाही तर वैद्यकीय अधिकाऱ्यांना दोन ओळींचा अर्ज द्या, पोच घ्या, एक प्रत तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना. १०४ या आरोग्य हेल्पलाइनवरही विचारता येतं.

आणि तांबी किंवा इंजेक्शनसाठी कुणी नवऱ्याची सही मागितली तर ती लागत नाही. नसबंदीलाही लागत नाही. ही अडवणूक अजून होते, आणि ती थांबायलाच हवी.

दावा_तपासनीस
मेडिक्लेमशी भांडून उपयोग नाही. आयआरडीएआयने (विमा कंपन्यांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) २०१९ मध्ये वगळलेल्या बाबींची भाषा सगळ्या कंपन्यांना एकच करून दिली. त्यातल्या १७ क्रमांकाच्या कलमात 'कोणत्याही प्रकारचं गर्भनिरोधन, नसबंदी' असं लिहिलेलं आहे. ग्रुप पॉलिसीत मात्र दोन जागा बघा. ओपीडीची वेगळी रक्कम असेल तर तपासणी आणि औषधं त्यात बसतात का, हे एचआरकडून लेखी घ्या. आणि नूतनीकरणाच्या दोन महिने आधी हे कलम जादा हप्त्याने शिथिल करायला सांगा. मागणी बऱ्याच जणींची एकत्र गेली तरच विषय पुढे सरकतो.

हार्मोनची तांबी जास्त रक्तस्रावावरचा उपचार म्हणूनही बसवतात. तसं खरंच असेल तर निदान, हिमोग्लोबिन आणि सोनोग्राफीचे कागद जोडून आधी लेखी विचारा. नुसत्या गर्भनिरोधनासाठी असेल तर खोटं निदान लिहून घेऊ नका. पकडलं गेलं तर पॉलिसीच रद्द होऊ शकते.

पुढे कधी नसबंदी ठरली तर हक्काचे दिवस विसरू नका. ईएसआयसीच्या (कामगार राज्य विमा) विमाधारकाला पूर्ण पगाराइतका भत्ता मिळतो, पुरुषाला ७ दिवस, बाईला १४. प्रसूती लाभाच्या नियमांतही बाईच्या नसबंदीला दोन आठवडे पगारी रजा आहे.

शेवंती_७
खूप आभार. वहिनीला विचारलं. बाळंतपणाआधी पीसीओडीची औषधं चालू होती, सोनोग्राफीतही तसं लिहिलंय.

सिस्टर_माई
मग छाया बाद. अंतरा बघा. पहिला डोस डॉक्टर तपासून देतात, पुढचे प्रशिक्षित नर्सबाई देऊ शकतात. बीपी १६०/१०० किंवा वर असेल, कारण न कळलेला रक्तस्राव असेल किंवा स्तनाचा कर्करोग झालेला असेल तर नाही. पाळीच्या पहिल्या ७ दिवसांत घेतलं तर लगेच भरवसा. नंतर घेतलं तर ७ दिवस निरोध. टोचलेली जागा चोळायची नाही, शेकायची नाही, नाहीतर औषध लवकर पसरतं आणि पुढचे ३ महिने पुरत नाही.

पहिले ३ ते ६ महिने अवेळी डाग लागतात, कारण गर्भाशयाचं अस्तर पातळ होत जातं. बहुतेक जणी याच टप्प्यावर सोडतात. आधी कुणी सांगितलेलं नसतं, म्हणून घाबरतात. डाग त्रासदायक झाले तर डॉक्टर मेफेनामिक ॲसिडसारखं औषध ५ दिवस देतात. पुढे पाळी बंद होऊ शकते. रक्त आत साठत नाही, आणि हिमोग्लोबिन ९.४ असताना ते फायद्याचंच. लोहाच्या गोळ्या मात्र चालू ठेवा. फार जायला लागलं तर वाट न बघता केंद्रात जा.

पुढचा डोस ३ महिन्यांनी. तारखेच्या १४ दिवस आधीपासून २८ दिवस नंतरपर्यंत चालतो. कार्डाचा फोटो भावाच्याही फोनमध्ये ठेवा. दुसऱ्या मुलासाठी हिशेब आधीच करा: शेवटच्या इंजेक्शनपासून दिवस राहायला साधारण ७ ते १० महिने लागतात. म्हणजे तीन वर्षांनी मूल हवं असेल तर दीडेक वर्षाने इंजेक्शन थांबवायचं, आणि मधल्या काळात लवकर दिवस जायला नको असतील तर निरोध.