सी ड्राइव्ह लाल झालाय, फोटोशॉप उघडेना. फॉरमॅट न मारता काही होईल का?

पत्रिकावाला
नमस्कार मंडळी. माझं डीटीपीचं छोटं दुकान आहे, लग्नपत्रिका, बॅनर, बिलबुकं असली कामं. पीसी जुना आहे, आय३ थर्ड जनरेशन, ४ जीबी रॅम, ५०० ची हार्ड डिस्क, विंडोज १०. ज्याने असेंबल करून दिला त्याने सी ला फक्त ६० जीबी ठेवलेत, बाकी सगळं डी ला. आता सी मध्ये ४०० एमबी उरलेत आणि फोटोशॉप उघडलं की स्क्रॅच डिस्क्स आर फुल म्हणतं आणि बंद होतं. टेम्प फोल्डर साफ केलं, रिसायकल बिन रिकामी केली, एकदोन दिवस बरं चालतं की परत तेच. माझ्या सगळ्या फाइल डी मध्ये असतात, डेस्कटॉपवर शॉर्टकट सोडून काही नाही, मग हे भरतंय तरी कशाने?
रिपेअरवाला म्हणतो फॉरमॅट मारू. पण श्रीलिपी (मराठी टायपिंगचं), कोरल (डिझाइनचं) ही सॉफ्टवेअर, प्रिंटरचे ड्रायव्हर, एवढे सगळे फाँट परत टाकायचे म्हणजे भर लग्नसराईत दुकान बंद. डी मध्ये १८० जीबी मोकळे आहेत त्यातले सी ला देता येतील का? डिस्क मॅनेजमेंटमध्ये एक्स्टेंड व्हॉल्यूम फिकट दिसतंय, क्लिकच होत नाही.

बिनधास्त_बाळ्या
एसएसडी (हार्ड डिस्कऐवजी लागणारी फास्ट डिस्क) टाक, विंडोज नवीन मार, विषय संपला. ६० जीबीत विंडोज १० चालवणं म्हणजेच छळ आहे.

जुनाट_पीसी
बाळ्या, त्याचं गिऱ्हाईक दारात उभं आहे रे, एसएसडीचं नंतर बघू.
पत्रिकावाले दादा, फॉरमॅट मारून थोडे दिवस बरं वाटेल, कारण फोटोशॉप परत सी वरच लिहिणार. रॅम कमी पडली की ते उघडलेल्या फाइलचा सगळा पसारा डिस्कवर मांडतं, तीच स्क्रॅच डिस्क, आणि आपण काही सांगितलं नाही तर ते सी धरून बसतं. ४ जीबी रॅमवर मोठा बॅनर उघडला, वर पाचपंचवीस लेअर, की कित्येक जीबी गेले समजा. फोटोशॉप चालू करताना कंट्रोल आणि ऑल्ट दाबून धरा, उघडायच्या आधीच ते स्क्रॅच डिस्क कुठली ते विचारेल, तिथे डी द्या. आणि लाइट गेली किंवा हँग होऊन बंद पडलं की त्याच्या टेम्प फाइल तशाच मागे राहतात, नाव फोटोशॉप टेम्प आणि पुढे आकडे. फोटोशॉप पूर्ण बंद करून त्या उडवा, चालू असताना फाइल इन यूज म्हणणार.
मग विनडरस्टॅट टाका, डिस्कवर कशाने किती जागा घेतलीय ते दाखवणारं फुकट सॉफ्टवेअर आहे, आणि रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर करून सी स्कॅन करा. तसंच विझट्री जास्त फास्ट आहे पण ते घरच्या वापरालाच फुकट, दुकानाला नाही. कुठल्या फोल्डरने किती खाल्लंय ते दिसल्याशिवाय काही डिलीट करू नका, डोळे झाकून औषध घेतल्यासारखं होतं ते.

प्रिंटर_पीडित
दुकान आहे म्हणून सांगतो, विंडोज, सिस्टिम३२, स्पूल, प्रिंटर्स हे फोल्डर बघा. मोठ्या फाइलची प्रिंट अडकली की तिची एसपीएल फाइल, म्हणजे प्रिंटरला पाठवायची तात्पुरती कॉपी, तिथेच पडून राहते, आणि कोरलमधून दिलेल्या एका प्रिंटची सुद्धा भलीमोठी होऊ शकते. सर्व्हिसेसमध्ये जाऊन प्रिंट स्पूलर स्टॉप करा, फोल्डर रिकामं करा, परत स्टार्ट.
दुसरं, पीसीवर व्हॉट्सअ‍ॅप आहे का? असणारच. गिऱ्हाईक फोटो, व्हिडिओ सगळं त्यावर पाठवतं आणि ते यूजर फोल्डरच्या आत अ‍ॅपडेटा, लोकल, पॅकेजेस इथे साठत जातं, तुम्ही डी मध्ये कॉपी केलं तरी मूळ तिथे राहतंच.

सुसाट
विंडोजमधलं विनएसएक्सएस फोल्डर बघा, १०-१२ जीबी असतं, उडवून टाका.

जुनाट_पीसी
सुसाट, अरे काय सांगतोस! दादा, त्याला अजिबात हात लावू नका. त्यात बऱ्याचशा हार्ड लिंक असतात, म्हणजे एकच फाइल दोन ठिकाणी दिसते, त्यामुळे तो आकडा दिसतो तेवढा खरा नसतो, आणि उडवलं तर विंडोजच बसेल. त्यातलं जुनं काढायचं तर डिस्क क्लीनअप उघडून क्लीन अप सिस्टीम फाइल्स दाबा, विंडोज अपडेट क्लीनअपला टिक करा. जुन्या पीसीवर तासभर लागला तरी मध्येच बंद करू नका. तिथेच डाउनलोड्स असं दिसलं तर टिक काढा, विंडोज १० च्या काही व्हर्जनमध्ये ते यादीत येतं आणि लोकांची बिलं, पीडीएफ गेलीत त्यात. विंडोजमधल्या इन्स्टॉलर फोल्डरलाही हात नको, पुढे कुठलंही सॉफ्टवेअर काढताना किंवा अपडेट करताना अडाल.
हायबरनेशन (चालू काम डिस्कवर ठेवून पीसी बंद करणं) वापरत नसाल तर कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिन म्हणून उघडून पॉवरसीएफजी स्पेस स्लॅश एच स्पेस ऑफ द्या, ४ जीबी रॅमला दीडेक जीबी सुटतात. फास्ट स्टार्टअप बंद होतं त्याने, सकाळी चालू व्हायला थोडा वेळ जास्त लागेल.
एक्स्टेंड फिकट आहे कारण मोकळी जागा सी ला अगदी लागून, उजव्या बाजूला लागते. डी श्रिंक केलं तर जागा डी च्या शेपटाला निघते, सी ला उपयोग नाही. डी अख्खं पुढे सरकवणारी टूल्स मिळतात पण मध्येच लाइट गेली तर डी सकट सगळं जाईल. यूपीएस आणि बॅकअप दोन्ही असेल तरच त्या वाटेला जा.

पत्रिकावाला
फोटोशॉप उघडलं!! स्क्रॅच डी ला दिली. विनडरस्टॅटमध्ये व्हॉट्सअ‍ॅपचेच ११ जीबी निघाले, नवरदेवांचे व्हिडिओ कुठले कुठले, हवे ते डी मध्ये घेऊन बाकी काढले. स्पूलमध्ये ३ जीबी, फोटोशॉप टेम्प ६. आता २१ जीबी मोकळे दिसतायत. पेजफाइल डॉट एसवायएस म्हणून एक मोठी फाइल दिसतेय, ती काढू का?

जुनाट_पीसी
नको, रॅम कमी पडली की विंडोज तीच फाइल रॅमसारखी वापरतं, ४ जीबी रॅमवर ती लागतेच, नाहीतर आउट ऑफ मेमरी येत राहील. डी वर हलवता येते पण डिस्क एकच आहे, स्पीडला फरक शून्य.

बिनधास्त_बाळ्या
आता तरी ऐका. सीझन संपला की २५६ ची साटा एसएसडी घ्या आणि फक्त सी क्लोन करा, म्हणजे हुबेहूब कॉपी, बूटच्या छोट्या पार्टिशनसकट, श्रीलिपी, कोरल सगळं जसंच्या तसं येईल. विंडोज ११ ला तुमचा प्रोसेसर बसत नाही आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ लाच संपलाय, सुरक्षेचे अपडेट नेहमीसारखे येत नाहीत, म्हणून बँकेचं काम मोबाइलवर केलेलं बरं. आणि त्याआधी आजच क्रिस्टलडिस्कइन्फो टाकून जुन्या डिस्कची तब्येत बघा, पिवळं कॉशन आलं तर सीझन संपायची वाट बघू नका, कोरलच्या सीडीआर आणि फोटोशॉपच्या पीएसडी फाइल, सगळं बाहेरच्या डिस्कवर घ्या.

पत्रिकावाला
निळं आहे, गुड दाखवतंय. बाहेरची डिस्क उद्या आणतोच.