स्वतःवर हसणारे सगळेच नम्र नसतात

स्वतःवर हसणारा तो नम्र आणि बढाया मारणारा तो पोकळ, असा सूर नेहमी ऐकू येतो. मला तो पूर्ण पटत नाही. दासबोधातल्या मूर्खलक्षणांत आत्मस्तुती येते, सोबत वडिलांची कीर्ती सांगत बसणंही येतं, ते रास्तच. पण सणाच्या पंगतीत लुसलुशीत पुरणपोळी पानात टाकताना यजमानीण म्हणते, "आज जरा बिघडल्याच हो." पुरण अगदी कडेपर्यंत गेलेलं असतं, तरी चौघांनी "छे, काहीतरीच काय!" म्हणेपर्यंत तुपाची वाटी पुढे सरकत नाही. ही नम्रता कसली, कौतुकाची मागणीच. त्यापेक्षा "भाकरी थापावी तर मीच" असं ठणकावून सांगणारी बाई मला जवळची वाटते. तिने तो हात कमावलेला असतो.

आणखी एक गोष्ट मला खरंच टोचते. जाड, सावळा किंवा टक्कल पडलेला माणूस स्वतःवर विनोद करतो तो बरेचदा इतरांच्या आधी आपणच केलेला बरा म्हणून. मग ऑफिसातले सगळे तेच त्याला हक्काने ऐकवतात आणि त्याला रागवायचीही सोय उरत नाही. अशा वेळी मी हसत नाही, सरळ विषय बदलते.