व्हॉट्सअ‍ॅपवर समन्स आणि मग दारात वॉरंट, हे तुम्हाला पटतं का?

रामबागकर (इंदूर)

आमच्या गल्लीतल्या एका घरी मध्यंतरी ठाण्याचा शिपाई जमानती (जामीन देऊन सुटता येणारं) वॉरंट घेऊन आला. चेक बाउन्सचं प्रकरण, कलम १३८. मुलगा नोकरीनिमित्त पुण्यात, घरी फक्त आईवडील. वॉरंट म्हटल्यावर दोघांचे हातपाय गळाले. नंतर कोर्टात फाइल पाहिली तर समन्स आधीच तामील झाल्याची, म्हणजे बजावल्याची, नोंद! कशावर, तर मुलाच्या जुन्या मोबाइल नंबरवर. तो नंबर त्याने केव्हाच सोडला होता. बंद पडलेला नंबर कंपनी काही महिन्यांनी दुसऱ्याला देते, हे आपल्याला ठाऊक आहे. म्हणजे समन्स भलत्याच माणसाने पाहिलं असेल, किंवा कुणीच नाही.

१ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्या कलम ६४ प्रमाणे कोर्टाच्या शिक्क्याची प्रतिमा असलेलं समन्स इलेक्ट्रॉनिक मार्गाने देता येतं. मध्य प्रदेशाने त्यासाठीचे नियम त्याच वर्षी काढले. इथवर ठीक. पण कलम ७० चं तिसरं पोटकलम वाचा: असं पाठवलेलं समन्स रीतसर बजावलं गेलं असंच मानलं जाईल, आणि पुरावा म्हणून त्याची प्रत साक्षांकित करून ठेवली की झालं. आता कलम ९० बघा. माणूस आला नाही म्हणून समन्सच्या जागी वॉरंट काढायचं, तर समन्स वेळेत बजावलं गेलं हे सिद्ध व्हायला हवं, न येण्याला सबळ कारण नसावं, आणि न्यायाधीशांनी वॉरंटची कारणं लेखी नोंदवावीत. ही दोन कलमं एकापुढे एक ठेवली की मधला तपासच गळून पडतो. पाठवलं, म्हणजे मिळालं. मिळालं आणि आला नाही, म्हणजे वॉरंट.

माझं म्हणणं एवढंच की समन्स व्हॉट्सअ‍ॅपवर खुशाल पाठवा, पण तेवढ्यावर वॉरंट काढू नका. आधी एकदा कागद घरी जाऊ द्या.

काळाकोट

रामबागकर, कायदा बरोबर वाचलात, पण जुनी पद्धत फार चोख होती असं धरून चालला आहात. माणूस सापडला नाही तर घराच्या दर्शनी भागावर समन्सची प्रत चिकटवायची, ही तरतूद जुन्या कायद्यात कलम ६५ होती, नव्यात ६७ आहे. चिकटवलेला कागद पावसात गेला, शेजारच्या पोराने फाडला, तरी तामील मानता यायची. तेव्हा कुणी धागा काढला नाही.

दुसरं, जमानती वॉरंट म्हणजे तुरुंग नव्हे. वॉरंटवरच लिहिलेलं असतं की इतक्या रकमेचा मुचलका आणि जामीनदार दिला की सोडा (कलम ७३). गैरजमानतीची गोष्ट वेगळी. तिथे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये इंदर मोहन गोस्वामी प्रकरणात पायऱ्या सांगून ठेवल्यात: तक्रारीच्या प्रकरणात आधी समन्स, मग जमानती, आणि आरोपी मुद्दाम टाळतोय याची खात्री पटली तरच गैरजमानती. तुमच्या शेजाऱ्याकडे दुसऱ्या पायरीवरच माणूस आला, आणि त्याला प्रकरण कळलं. यंत्रणा चालली म्हणा की!

सियागंजवाला

काळाकोटसाहेबांना माझा दुजोरा, आणि रामबागकरांना एक प्रश्न. आरोपीच्या आईवडिलांचे हातपाय गळाले, ते वाचून वाईट वाटलं. पण फिर्यादीचं कुणी विचारतं का?

मी किराण्याचा ठोक व्यापारी. माल उधारीवर गेला, चेक परत आला, नोटीस दिली, केस लावली, तलवाना (समन्स बजावण्याची फी) भरला. समन्स परत, शेरा "घर बंद". पुन्हा तलवाना. समन्स परत, "सदर पत्त्यावर राहत नाही". आणि गडी रोज संध्याकाळी माझ्या दुकानासमोरून स्कूटरवर जातो, वर रामराम घालतो! पेशीवर पेशी (तारखेवर तारीख) पडते आणि वकिलाची फी मी भरतो. तलवाना भरायला चुकलो तर माझीच तक्रार खारीज होऊ शकते. त्याच्या मोबाइलवर दोन निळ्या खुणा आल्या तर त्या मला ठाण्याच्या शेऱ्यापेक्षा हजारपट खऱ्या वाटतात.

समन्स मिळूनही कोर्टात न येणं हा गुन्हा आहे म्हणे. नव्या न्याय संहितेचं कलम २०८, सहा महिन्यांपर्यंत साधी कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड. पूर्वी दंड १,००० होता. मला तरी तो भरणारा अजून भेटलेला नाही.

निवृत्त_मुंशी

मी ठाण्यात समन्स-वारंटचं रजिस्टर सांभाळलं आहे, म्हणून बोलतो. "घर बंद" हा शेरा कधीकधी घरापर्यंत न जाताच पडतो, हे खरं आहे, लपवण्यात अर्थ नाही. पण दुसरी बाजू ऐका. तामिलीला एक शिपाई असतो, त्याच्याकडे गठ्ठा. त्यात रंगपंचमीची गेर (रंगाची मिरवणूक) आली, अनंत चतुर्दशीच्या झांक्या (देखाव्यांची मिरवणूक) आल्या, कुणा मंत्र्याचा दौरा आला की तो शिपाई बंदोबस्तात. पेशीची तारीख उलटते आणि गठ्ठा अदम तामील, म्हणजे न बजावताच, परत जातो.

जुन्या कायद्यात आणखी एक गंमत होती. माणूस घरी नसला तर समन्स घरातल्या प्रौढ *पुरुषाकडेच* द्यायचं. दुपारी बारा वाजता सुदामानगरात कुठल्या घरी पुरुष सापडतो? दार बायको उघडणार, तिला नवऱ्याच्या सगळ्या भानगडी माहीत, पण तिच्या हातात समन्स द्यायचं नाही. सासरे बाहेरगावी, पोरगा शाळेत, की चाललो परत. नव्या कलम ६६ ने ही अट काढली. आता सोबत राहणारी घरातली कुणीही प्रौढ व्यक्ती चालते, बाई असो वा पुरुष. नोकराला दिलेलं मात्र तेव्हाही चालत नव्हतं, आजही चालत नाही. माझ्या मते या एका सुधारणेने जितकी तामील वाढेल तितकी मोबाइलने वाढणार नाही.

आणि स्थायी वारंटाबद्दल कुणीच बोललं नाही. वारंटाला मुदत नसते. तामील होईतो किंवा कोर्ट रद्द करेतो ते जिवंत राहतं (कलम ७२). आरोपी सापडत नाही, फाइल रेकॉर्ड रूममध्ये जाते, वारंट ठाण्यात पडून राहतं. मग एखाद्या रात्री कॉम्बिंग गस्त निघते आणि तरुणपणी कुठे मारामारी केलेला माणूस नातवंडांसमोरून उचलला जातो. त्याच्यावर अन्याय झाला असं मी म्हणत नाही, फरार तो होता. पण कधीकधी त्याच नावाचा भलताच माणूस येतो. म्हणून बापाचं नाव आणि पुरता पत्ता नसलेलं वारंट बजावताना माझा हात थरथरायचा.

सुदामानगरची

मुंशीकाका, सुदामानगरात बारा वाजता पुरुष सापडतात हो, निवृत्त झालेले! गच्चीवर पापड राखत बसलेले असतात.

पण माझी हरकत वेगळी आहे. माझ्या मावशीला "डिजिटल अरेस्ट"वाल्यांचा, म्हणजे पोलीस असल्याचं भासवून पैसे उकळणाऱ्यांचा, फोन आला होता. व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ, त्यावर अशोकस्तंभ, गोल शिक्का, सही, वर "अटक वॉरंट" असं ठळक अक्षरात. पैसे गेले नाहीत, कारण माझा भाऊ ऐन वेळी घरी पोचला. ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये सांगितलं की डिजिटल अरेस्ट असा काही प्रकार कायद्यातच नाही. आम्ही तेव्हापासून घरातल्या सगळ्या वडीलधाऱ्यांना पढवतोय: अनोळखी नंबरवरून कोर्टाचा किंवा पोलिसांचा कागद आला तर उघडू नका, ब्लॉक करा, सायबर फसवणुकीच्या तक्रारीच्या १९३० ला फोन लावा.

आता मला सांगा, त्याच मावशीला उद्या खरं समन्स आलं आणि तिने आम्ही शिकवल्याप्रमाणे ते ब्लॉक केलं, तर कायदा म्हणणार की तामील झाली. तिने नेमकं काय करायचं?

काळाकोट

खऱ्या समन्सवर न्यायालयाचं नाव, प्रकरण क्रमांक आणि पेशीची तारीख असते. सोळा अंकी-अक्षरी सीएनआर क्रमांक (प्रत्येक प्रकरणाचा वेगळा ओळख क्रमांक) असेल तर ई-कोर्ट्सच्या ॲपवर टाकला की प्रकरण समोर येतं. खरं कोर्ट पैसे मागत नाही, व्हिडिओ कॉलवर बसवून ठेवत नाही, आणि "कुणाला सांगू नका" असं तर कधीच म्हणत नाही.

सुदामानगरची

हे तुम्ही मला सांगितलंत, मला कळलं. मावशी सत्त्याहत्तर वर्षांची आहे. तिला ॲपवर वीजबिल भरता येत नाही.

रामबागकर

ताईंचा मुद्दा माझ्यापेक्षा जोरकस आहे. त्याला जोडून सांगतो. जानेवारी २०२५ मध्ये सतेंदर कुमार अंतिल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेच पोलिसांना बजावलं की हजर राहण्याची नोटीस (जुनं ४१-अ, आता कलम ३५) व्हॉट्सअ‍ॅपवर द्यायची नाही. मग पोलिसांना जे वर्ज्य ते कोर्टाला का चालावं?

काळाकोट

कारण ते दोन वेगळे कागद आहेत. कलम ३५ ची नोटीस पोलीस स्वतः काढतात आणि माणूस आला नाही तर तेच अटक करू शकतात, मधे न्यायाधीश नाही. हरियाणा सरकारने तो आदेश बदलून मागितला तेव्हा जुलै २०२५ मध्ये न्यायालयाने नकार दिला, आणि कोर्टाच्या समन्सची गोष्ट निराळी असल्याचंही स्पष्ट केलं. समन्सनंतर वॉरंट काढायचं की नाही हे न्यायाधीश ठरवतात.

बरं, १३८ पुरतं तुमच्या शेजाऱ्याचं दुखणं न्यायालयाच्या लक्षात आलेलं आहे. सप्टेंबर २०२५ च्या निकालात सांगितलंय की फिर्यादीने आरोपीचा मोबाइल, व्हॉट्सअ‍ॅप, ईमेल द्यायचा तर ते त्याचेच आहेत असं प्रतिज्ञापत्र जोडायचं. खोटं निघालं तर फिर्यादीवर कारवाई. शिवाय दस्ती समन्सही, म्हणजे फिर्यादीने स्वतः नेऊन द्यायचं.

सियागंजवाला

दस्ती मी घेतलं आहे भिया. स्कूटर अडवून देतो आता.

लष्करवाला (ग्वाल्हेर)

तुम्ही सगळे आरोपीवरच बोलताय. वॉरंट साक्षीदारावरही निघतं. मी सरकारी डॉक्टर होतो. मारहाणीच्या जखमींची तपासणी करायची, अहवाल लिहायचा, आणि चार-पाच वर्षांनी त्या जिल्ह्याच्या कोर्टात साक्षीला जायचं. तोवर माझी बदली दोनदा झालेली. सरकारी नोकराचं समन्स कार्यालयप्रमुखाकडे जातं, तिथून दुसऱ्या कार्यालयात, तिथून बाबूच्या टेबलावर. माझ्या हातात पडेपर्यंत पेशी होऊन गेलेली आणि मागोमाग जमानती वॉरंट! दवाखान्यात रुग्णांसमोर शिपाई विचारतो, "डॉक्टरसाहेब कोण?" मोबाइलवर समन्स येतं तर मी रजा टाकून गेलो असतो. रामबागकर, तुमचा "आधी कागद" माझ्यासारख्यांना नको आहे.

रामबागकर

डॉक्टरसाहेब, तुमचा नंबर खात्याकडे नोंदलेला, चालू. तिथे माझी काहीच हरकत नाही. मी भांडतोय ते दुसऱ्याच कुणी फायलीत लिहून दिलेल्या नंबराबद्दल.

काळाकोट, "न्यायाधीश ठरवतात" हे कागदावर पटतं. पण एकेका बोर्डावर (कोर्टाच्या दिवसभराच्या यादीवर) किती प्रकरणं असतात ते तुम्ही रोज पाहता. "समन्स तामील, पुकारा केला, अनुपस्थित, जमानती वॉरंट" ही ओळ किती वेळात लिहिली जाते? मेसेज नेमका कुणाच्या फोनवर गेला हे त्यात कोण बघतं? प्रतिज्ञापत्राचं सांगितलंत, चांगलं आहे, पण फिर्यादीने तीन वर्षांपूर्वीचा नंबर प्रामाणिकपणे दिला तर ते खोटंही ठरत नाही. मला कायदा बदलून नको आहे. वॉरंटच्या आदेशात एक वाक्य मागतोय: हा नंबर आज आरोपीकडेच आहे हे कशावरून धरलं. कलम ९० कारणं लेखी मागतंच की.

काळाकोट

या वाक्याला माझा विरोध नाही. विरोध आहे तो "घरी कागद गेल्याशिवाय वॉरंट नाही" या अटीला, कारण ती आली की सियागंजवाल्यांचा स्कूटरवाला पुन्हा निसटला.

तुमच्या शेजाऱ्याला मात्र एवढं सांगा. पेशीची वाट न पाहता वकिलामार्फत हजर व्हायचं आणि वॉरंट रद्द करण्याचा अर्ज द्यायचा. जुन्या नंबराचा पुरावा सोबत, कंपनीचं पत्र मिळालं तर उत्तम. पुण्याहून दर पेशीला येणं जमणार नसेल तर कलम २२८ खाली वकिलामार्फत हजेरीची परवानगीही मागता येते. आणि वॉरंट रद्द झाल्याच्या आदेशाची प्रमाणित प्रत घ्यायचीच. मुंबईच्या एका वकिलांना आधीच रद्द झालेल्या वॉरंटवर १५ ऑगस्टला अटक झाली होती. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २०११ मध्ये वॉरंट कसं काढावं, नोंदवावं, परत मागवावं याची मार्गदर्शक सूत्रं आली.

निवृत्त_मुंशी

प्रत नुसती खिशात ठेवू नका. एक ठाण्यात नेऊन द्या, दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या, आणि रजिस्टरात त्या वारंटापुढे "रद्द" लिहिलं का ते मुंशीला विचारा. कोर्टातून कागद येईल तेव्हा येईल. तोवर गस्तीची यादी रजिस्टरावरूनच बनते.

सुदामानगरची

आणि मावशीचं?

काळाकोट

तिच्या नावावर केस नसताना समन्स येणार नाही. आलंच तर पीडीएफ मला पाठवा, सीएनआर बघून देतो. पैसे घेणार नाही.

सुदामानगरची

म्हणजे प्रत्येक मावशीला एक वकील लागणार.