अनुभव धागा : भाषा अडली की गणित?

दहावीपर्यंत मराठीतून गणित, आणि अकरावीच्या पहिल्याच तासाला फळा इंग्रजीत, समजावणी कन्नडमध्ये. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागात शिकलेल्या आपल्यातल्या बहुतेकांची गणिताशी खरी झटापट इथून सुरू होते. म्हणून हा धागा. पीयूसी (म्हणजे अकरावी-बारावी) आणि त्यापुढचं गणित कुठं अडलं, कुठं सुटलं, मजा कधी आली, ते लिहा. मार्क सांगू नका. ते काकवांनी-मावश्यांनी तेव्हाच गावभर केलेत.

सुरुवात माझ्यापासून. पहिल्या तासाला सर म्हणाले, ‘लेट एक्स बी अ रियल नंबर.’ मला ‘लेट’ म्हणजे उशीर एवढंच माहीत. हा एक्स रोज उशिरा का येतो, हे मी आठवडाभर कुणाला विचारलं नाही. त्यानंतर आलं फंक्शन. आमच्याकडं फंक्शन म्हणजे बारसं नाहीतर साखरपुडा. ‘ए पासून बी पर्यंत फंक्शन’ म्हटल्यावर मी समजलो, ए च्या घरचे पाहुणे बी च्या गल्लीत जेवायला निघाले. हसा, पण हे चित्र फारसं चुकलं नव्हतं. कुणी पाहुणा उपाशी राहायचा नाही, एकानं दोन घरी जेवायचं नाही, एका घरी मात्र दहा जण बसले तरी चालतं. फंक्शनची व्याख्या मला आजही अशीच आठवते.

दोन वर्षं मी सगळा दोष इंग्रजीवर टाकला. बी.एस्सी.ला इंग्रजी बरं झालं आणि गणित होतं तिथंच राहिलं. तेव्हापासून हा प्रश्न डोक्यात आहे : आपलं नक्की काय अडलं होतं, भाषा की गणित?

उद्यमबाग, बेळगाव (इंजिनिअर)

एम-थ्री, म्हणजे इंजिनिअरिंगचा गणिताचा तिसरा पेपर, दोनदा बॅक राहिला (नापास). त्यातली फूरिए सिरीज, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारं फंक्शन साइन-कोसाइनच्या बेरजेत मांडणं. सूत्रं झोपेत विचारली असती तरी सांगितली असती. फंक्शन ‘ईव्हन’ (शून्याच्या दोन्ही बाजूंना सारखं) असलं की साइनची पदं उडतात, हे पाठ. का उडतात, हे ना मी विचारलं, ना पेपरात कुणी विचारलं. तिसऱ्या खेपेला पास झालो आणि पुस्तक रद्दीत घातलं.

सहा वर्षांनी आमच्या फौंड्रीत ब्लोअर थरथरायला लागला. मोटर मिनिटाला १४४० फेऱ्यांची, म्हणजे सेकंदाला २४. बाहेरून एक जण कंपनं मोजायचं यंत्र घेऊन आला. बेअरिंगच्या घरावर सेन्सर चिकटवला आणि पडदा माझ्याकडं फिरवला. २४ वर एक सुळका, ४८ वर त्याहून उंच सुळका. ‘कपलिंग सरळ नाही,’ म्हणाला. एक बोल्ट न काढता! मी विचारलं, कसं कळलं? ‘फेऱ्यांच्या दुपटीवर एवढं उंच आलं की पहिला संशय कपलिंगवर.’

मी पडद्याकडं बघतच राहिलो. ब्लोअरचा तो सगळा खडखडाट सुट्या सुट्या साइन-कोसाइनमध्ये मोडून, कुणाचा वाटा किती, ते समोर उभं केलेलं. ते सुळके म्हणजे माझे बॅक राहिलेले ए-एन आणि बी-एन, साइन-कोसाइनचे वाटे, होते गा! कपलिंग सरळ केलं, ४८ चा सुळका खाली बसला. त्या रविवारी जुन्या बाजारातून तेच पुस्तक परत आणलं. ईव्हन फंक्शनला साइननं गुणलं की शून्याच्या एका बाजूला जेवढं वर, तेवढंच दुसऱ्या बाजूला खाली, म्हणून बेरीज शून्य. एवढंच होतं ते. दोन बॅक ह्याच्यासाठी.

माझी भाषा अडली नव्हती. आपण काय मोजतोय हेच मला माहीत नव्हतं.

चिकोडी (वकील)

मला गणित आवडलं नाही, आजही आवडत नाही. इंटिग्रेशन झाल्यावर ‘प्लस सी’ लिहायचं विसरायचो आणि दर वेळी मार्क कापला जायचा. आर्ट्सला गेलो, मग वकिलीला. एक एकर म्हणजे ४० गुंठे, तीन भावांत वाटणी, एवढं गणित पोटाला पुरतं. इथं सगळे ‘शेवटी गोडी लागली’ असं लिहिणार, म्हणून मुद्दाम लिहिलं.

वडगाव (बी.एस्सी., आता क्लास घेते)

आमच्या घरी माग होते. अभ्यास मागाच्या खटखटीतच व्हायचा, त्यामुळं आजही फार शांतता असली की मला गणित सुचत नाही.

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला एप्सिलॉन-डेल्टा आलं. फंक्शनच्या उत्तरात किती फरक चालेल तो एप्सिलॉन, आणि त्यासाठी एक्स बिंदूच्या किती जवळ ठेवायचा तो डेल्टा. ‘फॉर एव्हरी एप्सिलॉन देअर एग्झिस्ट्स अ डेल्टा’ यातला एकेक शब्द मला कळत होता. मराठीत लिहून काढलं : दिलेल्या प्रत्येक एप्सिलॉनसाठी एखादा डेल्टा असतो. तरी डोक्यात प्रकाश नाही. उदाहरण सोडवताना मी आधी डेल्टा घ्यायची आणि मग एप्सिलॉन शोधत बसायची. मॅडम लाल पेनानं नुसती काट मारायच्या.

अक्का शेजारी कांड्या भरत होती. तिची शाळा दहावीला सुटलेली. ती म्हणाली, हे दोघं कोण, आणि आधी कोण बोलतं? मी म्हटलं, म्हणजे? ‘अगं, आधी गिऱ्हाईक सांगतं, साडीच्या पन्ह्यात एवढाच फरक चालेल. मग अप्पा त्या हिशेबानं फणी आणि ताण बघतात. अप्पांनी आधी फणी लावली आणि मग गिऱ्हाइकाला विचारलं, तर धंदा होतोय होय?’

एप्सिलॉन गिऱ्हाइकाचा, डेल्टा अप्पांचा. गिऱ्हाईक कितीही चिकट येऊ दे, अप्पांकडं उत्तर पाहिजे. गिऱ्हाईक बदललं की फणी बदलली तरी चालेल, पण बोलायची पाळी पहिली गिऱ्हाइकाची. त्या रात्री मी सहा उदाहरणं सोडवली.

पुढच्या आठवड्यात मॅडमनी वर्गाला विचारलं, समजा एकच डेल्टा सगळ्या एप्सिलॉनना पुरला तर? मला लगेच दिसलं. सगळ्या चिकट गिऱ्हाइकांना एकच मांडणी चालते म्हणजे कापडात फरकच नाही. त्या बिंदूच्या आसपास फंक्शन सपाट, कॉन्स्टंट. बोलले, तर मॅडम म्हणाल्या फळ्यावर ये. त्याआधी मी फळ्यावर कधी गेले नव्हते. (नंतर युनिफॉर्म कंटिन्युइटी आली आणि सगळं परत विस्कटलं. ते कधीतरी वेगळं लिहीन.)

खानापूर (पीयू कॉलेजात शिकवतो)

धागाकर्त्यांचा प्रश्न मला उलट्या बाजूनं रोज दिसतो. माझ्या वर्गात मराठी माध्यमाची मुलं आहेत, तशी कन्नड माध्यमाचीही. अडतात दोघंही, आणि बहुतेक वेळा एकाच ठिकाणी. माझं एक वाक्य असं असतं : ‘डेरिव्हेटिव्ह अंदरे स्लोप, म्हणजे उतार, तिळीता?’ (कन्नडमध्ये ‘अंदरे’ म्हणजे ‘म्हणजे’, ‘तिळीता’ म्हणजे ‘कळलं का’.) सगळे माना हलवतात. मान हलवायला भाषा लागत नाही.

खानापूर ते बेळगाव साधारण २६ किलोमीटर. मी म्हटलं, बस बरोबर एका तासात पोचली, सरासरी वेग २६. मग देसूरजवळ ती ५० नं पळत होती, ते कसं? त्या क्षणाचा वेग (तोच डेरिव्हेटिव्ह) वेगळा, सरासरी वेगळी, असं सांगून मी पुढं सरकणार, तर मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. ‘सर, एका क्षणात बस हललीच नाही. वेळही गेला नाही. मग वेग कुठला?’

शून्य भागिले शून्य. बारा वर्षं शिकवत होतो, हा प्रश्न इतक्या सरळ कुणी विचारला नव्हता. मी चक्क ‘उद्या सांगतो’ म्हणालो. दुसऱ्या दिवशी एका मिनिटातलं अंतर, मग दहा सेकंदांतलं, मग एका सेकंदातलं, प्रत्येकाचा वेग काढत गेलो. क्षणाला हात लावायचाच नाही, आकडे कुठल्या संख्येकडं सरकतात ते बघायचं. हे पुस्तकात आहेच. पण तिनं विचारलं म्हणून वर्गानं पहिल्यांदा ते ऐकलं.

जोडीला मीन व्हॅल्यू थिअरम सांगितलं : बसनं तासात २६ किलोमीटर काटले असतील, तर वाटेत कुठल्या तरी क्षणी तिचा वेग नेमका २६ होताच होता. कुठं ते थिअरम सांगत नाही, पण होता. चौघांनी कुंद्याची (बेळगावची मिठाई) पैज लावली आणि संध्याकाळच्या बसला ड्रायव्हरच्या मागं जाऊन बसले. सकाळी तोंडं पाडून आले. ‘सर, काटा शून्यावरच चिकटलाय.’ कुंदा मीच आणला.

मूळ शहापूर, आता पुणे (एम.एस्सी.)

आम्ही बेळगावच्या मुली घरी ‘मी जातो, मी आलो’ म्हणतो. पुण्यात हॉस्टेलवर पहिल्याच दिवशी हशा पिकला. त्यामुळं भाषेची लाज काय असते ते मला चांगलं ठाऊक आहे. पण गणितात शाळेच्या मराठीनं मला एकदा हात दिला, ते लिहिते.

वर्गात ‘इर्रॅशनल नंबर’ आला की मुलं गालात हसायची, जणू संख्याच बिनडोक. मला शाळेतला शब्द आठवायचा, अपरिमेय. मोजमापात न बसणारी. चौरसाची बाजू आणि कर्ण घ्या; जगातला कुठलाही एकच तुकडा दोन्हींना पूर्ण पूर्ण वेळा लागत नाही. शब्दातच सगळं सांगितलंय.

आणि त्याची सिद्धता तर आमच्या आजीची भांडायची पद्धत. आजी कधी ‘तू खोटं बोलतोस’ म्हणायची नाही. म्हणायची, ‘बरं, तुझंच खरं धरू.’ आणि मग एकेक पाऊल टाकत समोरच्याला त्याच्याच शब्दात अडकवायची. दोनाचं वर्गमूळ अपूर्णांकात मांडता येतं म्हणतोस? धरू. अतिसंक्षिप्त रूपात लिही, ए भागिले बी. मग ए चा वर्ग बी च्या वर्गाच्या दुप्पट, म्हणजे ए सम. ए सम, तर ए च्या वर्गाला ४ नं भाग जातो, म्हणून बी चा वर्ग सम, आणि बी पण सम. मग दोघांना २ नं भाग जातो की! अतिसंक्षिप्त कुठं राहिलं? आजी असती तर इथं तिनं पदर खोचला असता.

टिळकवाडी (निवृत्त शिक्षक)

सत्तरच्या दशकात धारवाडला एम.एस्सी. केलं. तिथलं अमूर्त बीजगणित मला दोन वर्षं धुक्यासारखं वाटलं, हे आज कबूल करायला हरकत नाही. मला सिद्धतेची गोडी लागली ती तिथं नव्हे, बेळगाव-धारवाड प्रवासात.

देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांचा ६१७४ सगळ्यांना माहीत असेल. चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमानं लावा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा, आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच. ३५२४ घेतली तर ३०८७, मग ८३५२, मग ६१७४, आणि तिथून हलत नाही. जास्तीत जास्त सात पायऱ्या. मी गाडीत बसून शेकडो संख्या करून बघितल्या. दर वेळी तेच. सगळ्याच संख्यांना हे का होतं, ते मात्र सुचेना.

एकदा आकडे सोडून अक्षरं मांडली. उतरते अंक ए, बी, सी, डी. वजाबाकी केली तर उरतं ९९९ गुणिले (ए वजा डी) अधिक ९० गुणिले (बी वजा सी). म्हणजे उत्तर चार अंकांवर नाही, नुसत्या दोन फरकांवर ठरतं! पहिला फरक १ ते ९, दुसरा शून्यापासून पहिल्याइतका. मोजले तर फक्त ५४ प्रकार. सुरुवातीला शून्य चालवलं तर एकूण ९९९० संख्या, आणि त्या सगळ्या ५४ ओळींत आल्या. धारवाड येईपर्यंत निम्म्या ओळी झाल्या, उरलेल्या खोलीवर. शेवटची ओळ ६१७४ ला पोचली तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते आणि सांगायला कुणी जागं नव्हतं.

हे पुस्तकातून घेतलं नव्हतं, स्वतः केलं होतं. त्यानंतर अमूर्त बीजगणित सोपं झालं असं नाही. पण त्याची भीती गेली. आता कुणी करून बघणार असेल तर तीन अंकी संख्यांवर करा, ४९५ येईल. पाच अंकींचं उत्तर मी सांगणार नाही.

निपाणी

मास्तर, नमस्कार. मी विड्यांचा हिशेब लिहितो. शिक्षण बी.कॉम. पर्यंत, त्यामुळं धाग्यावर नुसता वाचक होतो. तुमचं वाचून नववीतल्या पोराला पाच अंकी दिलं. जेवण झालं, लाईट गेली-आली, पोरगं वहीतून मान वर काढेना. आत्ता साडेअकराला वही घेऊन आलंय. ५३९५५ चं ५९९९४ होतं आणि ५९९९४ चं परत ५३९५५. चार वेळा वजाबाकी तपासली. ही दोनच एकमेकांत फिरायलीत. ते विचारतंय, पप्पा, माझं चुकलं की कापरेकरांचं? काय सांगू?

टिळकवाडी (निवृत्त शिक्षक)

कुणाचंच नाही. त्याला म्हणावं, आता दुसरी संख्या घे. ती ह्या दोघांत येऊन पडत नसेल तर कुठं फिरते, ते मला उद्या कळव.