ब्लूमिंग्टनचा २०२४ चा अमेरिकन फुटबॉल हंगाम – तुमच्या आठवणी लिहा

नीरजा_ब
काल माळ्यावरची बॅग काढली तर इंडियाना विद्यापीठाची किरमिजी टोपी सापडली. दहा मिनिटं तशीच हातात धरून बसले.
मी पीएचडीला गेले तेव्हा शनिवारी स्टेडियमबाहेर गाड्यांच्या डिक्या उघडून नुसत्या जेवणावळी, आत बाकं रिकामी. २०२३ ला १२ पैकी ९ सामने हरलो. मग जेम्स मॅडिसन विद्यापीठाहून कर्ट सिग्नेटी प्रशिक्षक म्हणून आले, तिथले तेरा खेळाडू बरोबर घेऊन. "मी जिंकतो, गूगल करा" म्हणाले, तेव्हा लॅबमध्ये कुणाचा विश्वास बसला नव्हता. आणि पहिले दहाच्या दहा जिंकले! मिशिगनविरुद्ध मध्यंतराला १७-३, मग ते १७-१५ वर आले, माझे हातपाय गार. शेवटी २०-१५. विद्यापीठाच्या इतिहासात एका हंगामात दहा विजय त्याआधी कधीच नव्हते. शेजारचे आजोबा चक्क रडत होते.
कोण कोण होतं तिथे?

सातारकर
आपले जुने प्रतिस्पर्धी परड्यू!! ६६-०. लाकडी बादली आपली. थंडीने बोटं बधिर, पण शेवटपर्यंत कुणी हललं नाही.

मीनाताई
बादली कसली गं?

सातारकर
ताई, ट्रॉफीच बादली आहे, १९२५ पासून. जिंकेल त्याच्या नावाचं अक्षर साखळीला लावतात.

पेठेतला
फुटबॉल म्हणजे आमचं कोल्हापूर. पीटीएम विरुद्ध दिलबहार या तालमींच्या संघांची मॅच असली की शाहू स्टेडियमवर पाय ठेवायला जागा नसती. तुमचा हातात बॉल धरून पळायचा खेळ मला कळत नाही, पण आजोबांचं रडणं कळलं बघा.

रोहन_के
आपला क्वार्टरबॅक (बॉल फेकणारा) रूर्क! नेब्रास्काला ५६-७ हरवलं त्या सामन्यात अंगठा दुखावला. गुडघ्याचं लिगामेंट फाटलेलं असताना पोरगा एक सामना सोडून आख्खा हंगाम खेळला, हे जानेवारीत कळलं. त्या दिवशी मी आईला फोन करून सांगितलं, तिला त्यातलं काही ठाऊक नसताना. ती म्हणाली, त्याच्या आईला कसं वाटलं असेल.

मीनाताई
खरंय रे. माझं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, जिना चढताना देव आठवतो.

नीरजा_ब
ताई, आता कशा आहात? फिजिओ चालू आहे ना?

मीनाताई
चालू आहे. कुकर लावून येते.

अनघा_पुणे
ओहायो स्टेटकडून ३८-१५ हरलो तेव्हा वाईट वाटलं, पण नोत्र दामविरुद्धचा पराभव जास्त लागला. बाराजणांच्या प्लेऑफचा पहिलावहिला सामना, तोही आपल्याच राज्यात. २७-३ असताना नवरा म्हणाला टीव्ही बंद कर. मी नाही केला. शेवटच्या दोन मिनिटांत दोन टचडाउन (बॉल रेषेपार नेणं), २७-१७. हरले, पण मैदान सोडलं नाही पोरांनी.

रोहन_के
अनघाताई, तुम्ही तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीला उकडीचे मोदक करायच्या त्याच का?

अनघा_पुणे
हो रे! तू कोणत्या वर्षी होतास?

सातारकर
नीरजा, टोपी धुऊ नकोस, रंग जातो. माझी गेली.